आईने नापास केलेली देवळं

गेल्या हिवाळ्यात माझ्या आईने पाच देवळं नापास केली. एकेक देऊळ शेकडो वर्षांचं, ऊन-पाऊस आणि माणसं सोसून उभं राहिलेलं. आणि ही एकोणऐंशी वर्षांची बाई, जिला डाव्या डोळ्याने काहीच दिसत नाही आणि उजव्याने तेव्हा फक्त उजेड-अंधार कळायचा, ती खांबाला हात लावायची, दोनदा थापटायची आणि म्हणायची, “हे नोय.” की आम्ही परत गाडीत.

डावा डोळा तिच्या लहानपणीच गेला. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटताना काडूक लागलं होतं. पुढचं सगळं आयुष्य तिने उजव्या डोळ्यावर काढलं, आणि आता त्या उजव्यात मोतीबिंदू इतका पिकला होता की अमरावतीच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि माझ्यावरच खेकसले. “आजवर काय करत होतात? डोळ्यातला दाब वाढला तर गेलेली नजर परत येणार नाही. संक्रांतीच्या आत करून टाका.” मी मान डोलावली. तेवढ्यात आई खुर्चीत ताठ बसून म्हणाली, “मी नाई करत.”

घरी आल्यावर कारण बाहेर पडलं. एक नवस राहिला होता. कधी बोललीस? लय वर्सं झाली. कुणाला? काया गोट्याच्या देवळातल्या महादेवाले. काय बोललीस? रोडगे. कशासाठी? यावर तिने जपमाळ हातात घेतली. नवस फेडल्याशिवाय एकुलत्या एका डोळ्याला सुरी लावू देणार नाही, देव तो डोळाही नेईल, असं तिचं म्हणणं. ठीक आहे, म्हटलं, एका रविवारी जाऊन गोवऱ्यांवर रोडगे भाजून, चार माणसं जेवू घालून येऊ, गाव कोणतं?

“थेच त आठवत नाई नं व बाई.”

मी अमरावतीच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. लग्न केलं नाही, आईपाशीच राहिले. आमच्याकडे दगडावर दगड ठेवलेला दिसला की त्याला हेमाडपंती म्हणतात, मग ते कुणीही कधीही बांधलेलं असो. काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ शोधायला वऱ्हाडात निघणं म्हणजे तुरीच्या शेतात तुरीचं झाड शोधणं. नवस बोलली तेव्हा मावशीबरोबर कुणाच्या तरी जीपमधून गेली होती, एवढंच आई सांगे. मावशी वारली त्यालाही दहा वर्षं झाली.

पुण्याच्या भावाला फोन केला. त्याला आईच्या डोळ्यांपेक्षा देवळांच्या माहितीत जास्त रस. तासाभरात त्याने माझ्या फोनवर यादी पाठवली, फोटोंसकट, नकाशासकट, आणि खाली लिहिलं, ‘मस्त ट्रिप होतील तुमच्या.’ पुण्यात बसून यादी पाठवायला काय जातं? इकडे आईला हाताला धरून पायऱ्या चढवायच्या, उतरवायच्या, दर तासाला बाथरूम शोधायचं, शबनममध्ये बाटली, औषधं, टॉवेल, आणि ‘कुठं आली व आपण?’ याचं उत्तर दर दहा मिनिटांनी द्यायचं.

गाडी आमच्याच गल्लीतल्या एका गृहस्थांची. पन्नाशीचा माणूस, स्वतः चालवायचा. बौद्ध कुटुंबातला, देवळात पाय ठेवायचा नाही, बाहेर गाडीला टेकून उभा राहायचा. पण शोधात सगळ्यांत जास्त रंगला तोच. “मी देवगिव मानत नाई ताई,” पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, “पन मायचं अडून राह्यलं त शोधून देऊ.” यादी त्याने माझ्याकडून स्वतःच्या फोनवर घेतली आणि प्रत्येक देवळापुढे फुली मारत गेला.

पहिली फुली लासूरवर पडली. दर्यापूरच्या त्या भागात, खारपाणपट्ट्यात. तिथलं पाणी इतकं खारट की चहा पिताना आपण औषध घेतोय असं वाटतं. देऊळ मात्र असं की मी आईला विसरून उभी राहिले. काळेभोर नक्षीचे खांब आणि मंडपाच्या मधोमध छतच नाही, वर सरळ आभाळ. खाली उन्हाचा एक गोल पडलेला. आई त्या उन्हात जाऊन उभी राहिली, कारण तेवढं तिला कळत होतं. मग खांब चाचपत गेली. दिवाबत्ती करणारे एक म्हातारे गुरव आले, त्यांनी विचारलं, “कायचा नवस हाय माय?”

आईने खांबावरचा हात काढला. “हे देऊय नोय,” म्हणाली. “चाल व.”

मी म्हटलं, अगं, नीट बघ तरी. बघ म्हणताना माझीच जीभ चावली. ती चपला शोधत बाहेर निघाली होती.

मग कौंडण्यपूर. वर्धेच्या काठावर, रुक्मिणीचं माहेर. तिथे पोहोचेपर्यंत मी दोनदा विचारलं होतं, महादेव म्हणालीस ना, मग हे कशाला? तर म्हणे, “महादेव का देवी, मले पक्कं याद नाई.” तिथे गेल्यावर म्हणाली, “इथं रुक्मिणी हाय. हिले कायले बोलीन मी?” येताना तिने घाटावर बसून भरपूर दही-पोहे खाल्ले आणि गाडीत घोरली. माझं मनगट दिवसभर धरून ठेवल्यामुळे चार बोटांचे वळ उठले होते.

रिद्धपूरला गेलो ती चूक ड्रायव्हरची. “ताई, लय जुनं हाय,” एवढ्यावर त्याने गाडी तिकडे वळवली. ते महानुभावांचं तीर्थ. आईने शेजारच्या बाईंना विचारलं, इथे रोडग्याचा नवस चालतो का? त्या बाईंनी अतिशय शांतपणे, न हसता, सांगितलं की आजी, आमच्यात नवस नसतो, तुम्ही नमस्कार करा आणि बसा थोडा वेळ. आम्ही बसलो. सगळ्या हिवाळ्यात मला बरं वाटलेली ती एकच अर्धी घटका. कुणी काही मागत नव्हतं आणि कुणी काही फेडत नव्हतं. बाहेर येऊन मात्र आई ड्रायव्हरवर तापली, “तुले काई समजते का रे बाप्पू?” आणि तो म्हणाला, “माय, मले समजलं असतं त मी तुमाले पयलेच बरोबर जागी नेलं नसतं का?”

या सगळ्यात संक्रांत जवळ येत होती. डॉक्टरांकडे मी दोनदा तारीख घेतली आणि दोनदा रद्द केली. दुसऱ्या वेळी तिथल्या नर्सबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की आईच्या आधी माझेच डोळे तपासावेत. सकाळी आई चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवायची, टेबलावर नाही. कपाटाची दारं उघडी दिसली की मी धावत जाऊन लावायचे, कारण ती तिथेच धडकायची. कपाळावर टेंगूळ घेऊन ती देवापुढे बसायची आणि मी मनात दात-ओठ खायचे. माझी आई आंधळी होत होती आणि मी रविवारी सहली काढत होते.

आणि सहलींचीही काय तऱ्हा! जुनी देवळं बघायची मला आवड होती. आता तीही गेली. वाटेतल्या एका गावात नक्षीच्या खांबांना निळा ऑइलपेंट दिलेला. दुसरीकडे गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स. मी एका पुजाऱ्याला म्हटलं, अहो, दगड होता तोच किती सुंदर होता, तर म्हणाले, “म्याडम, धुवाले सोपं जाते.” प्रत्येक ठिकाणी दारावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, आणि त्या फ्लेक्समागे द्वारपाल. आई आपली प्रत्येक फ्लेक्सला हात लावून नमस्कार करत होती, तिला तो देव वाटायचा.

बाळापूरला आम्ही जानेवारीच्या पहिल्या रविवारी गेलो. अकोल्याच्याही पुढे, त्यामुळे जाण्या-येण्यातच दिवस संपला. किल्ल्यापाशी बाळादेवी. नद्यांचा संगम, भक्कम तटबंदी, मला तासभर थांबायचं होतं. आईने पाच मिनिटांत निकाल दिला. “इथं किल्ला हाय. तिथं किल्ला नोयता.”

“म्हणजे तुले एवढं आठवते,” मी म्हटलं. घरात मी आईशी तिच्याच बोलीत भांडते. “किल्ला नव्हता हे आठवते, अन् गाव नाही आठवत?”

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढच्या रविवारी बार्शीटाकळी. संक्रांतीच्या अगदी तोंडावर, यादीतलं शेवटचं नाव. जुनं, काळ्या दगडाचं देवीचं देऊळ. मी ठरवलं होतं की इथे ती हो म्हणाली नाही तरी मी हो म्हणवून घेणार. रोडग्यांचं पीठ, तूप, वांगी, सगळं गाडीत घालून नेलं होतं. देवळाजवळच्या एका घरातल्या बाईंनी आम्हाला पाणी दिलं, मग चहा दिला. आईने एक घोट घेतला, समाधानाने मान हलवली आणि बोलून गेली, “इथलं पानी गोड हाय बाप्पा. तिथं त चहा नासला होता, पान्यानं. डाय शिजता शिजे ना.”

मी कप खाली ठेवला.

पाच देवळांत खारं पाणी एकाच ठिकाणी होतं. पहिल्याच. ज्या खांबावर तिने हात ठेवला होता आणि गुरवाने ‘कायचा नवस’ विचारताच काढून घेतला होता, तिथे.

“आई, लासूर होतं नं थे?”

आई कपातल्या चहाशी खेळत राहिली. मला भयंकर संताप आला. अडीच महिने, इतके रविवार, दोन रद्द केलेल्या तारखा, आणि डॉक्टरांनी ज्या डोळ्याची शाश्वती देत नाही म्हणून सांगितलं होतं तो डोळा. मी तिला हाताला धरून देवळाबाहेरच्या ओट्यावर आणून बसवलं. म्हटलं, आता सांग. काय मागितलं होतंस त्या महादेवाजवळ? नाही सांगितलंस तर मी इथून हलत नाही.

तिने सांगितलं, पण माझ्याकडे तोंड न करता. रस्त्याकडे तोंड करून सांगितलं.

मी पंचविशीत असताना मुंबईच्या एका विमा कचेरीतल्या नोकरीसाठी मुलाखतीला बसले होते. मुलाखत नागपूरला झाली. त्याच्या आदल्या आठवड्यात मावशीच्या सासरच्या कुणा लांबच्या नातेवाइकांचा लासूरला रोडग्यांचा बेत होता. मी घरी अभ्यास करत बसले, कुठल्या गावाला ते विचारलंही नाही, आणि आई मावशीबरोबर गेली. तिथे तिने हात जोडले की पोरीचं मुंबईचं काम होऊ देऊ नको. झालं नाही तर रोडगे देईन.

काम झालं नाही. निवडलेल्यांची यादी माझ्या आधीच्या नावाशी थांबली. मला विचारलं होतं, पूर्णा नदी कोणत्या नदीला मिळते? मी म्हटलं, गोदावरी. मराठवाड्यातली पूर्णा गोदावरीला मिळते, आपली तापीला. वऱ्हाडात जन्मलेल्या मुलीने हे चुकावं! तीस वर्षं मी त्या एका उत्तरासाठी स्वतःला शिव्या दिल्या. शाळेत नकाशा शिकवताना पूर्णेपाशी आले की अजूनही माझे कान तापायचे. आणि आता कळत होतं की यात महादेवालाही ओढलेलं आहे.

“पंधरा दिवस रडत होती तू,” आई म्हणाली. “जेवत नव्हती. मंग मी कोनत्या तोंडानं रोडगे देऊ? गावाले जेवू घालू का, पोरगी रडते म्हनून?”

“अन् दादाले काहून जाऊ देलं? तो पुण्याले गेला तवा त तू पेढे वाटले.”

“त्याले थांबवून थो थांबला नसता,” ती म्हणाली. “तू थांबली असती.”

मी उठून गाडीत जाऊन बसले. आईला ड्रायव्हरने हाताला धरून आणलं. पीठ, तूप, वांगी होती तशीच परत आली. वाटेत मूर्तिजापूरला ड्रायव्हरने एकदा विचारलं, “ताई, फुली मारू का?” मी म्हटलं, मारू नका.

आठवडाभर मी आईशी अबोला धरला. देवावर माझा फारसा विश्वास नाही, आणि विमा कचेरीतल्या साहेबांना महादेवाने काही सांगितलं असेल असंही मला वाटत नाही. मी उत्तर चुकले म्हणून राहिले. पण राग या हिशेबाने जात नाही. माझ्याच घरात, मी जिच्यासाठी चुलीवर पाणी तापवून ठेवून अभ्यासाला बसायचे, ती माझ्या विरोधात हात जोडून उभी होती. मी तिला वेळेवर जेवायला दिलं, हात धरून न्हाणीत नेलं, केस विंचरून दिले, सगळं न बोलता. एकदा मी वेणी घालत असताना ती म्हणाली, “राहू दे थो डोया. जाऊ दे.” तेव्हा कळलं की शिक्षा म्हणून ती तो डोळा देऊन टाकायला तयार झाली होती. माझा राग तिने परस्पर असा वळता करून घ्यावा, याचा मला आणखी राग आला.

शनिवारी संध्याकाळी मी ड्रायव्हरच्या घरी गेले आणि म्हटलं, उद्या लासूर.

देवळाच्या आवारात जाळ करायची परवानगी नव्हती, तेव्हा बाहेर दूर लिंबाखाली गोवऱ्या रचल्या. पीठ मी मळलं, तिथल्याच पाण्यात. पोळी लाटायची, तूप लावायचं, तिच्यावर दुसरी, मग तिसरी, आणि सगळ्याचा गोळा करून गोवऱ्यांच्या धगधगत्या आरात सोडायचा. भाजणं ड्रायव्हरने हातात घेतलं, कारण मी राखेत हात घालायला घाबरत होते आणि तो खेड्यात वाढलेला. “प्रसाद म्हनून नाई खानार ताई,” त्याने बजावलं, “रोडगा म्हनून खाईन. चार तरी.” वांग्याची भाजी झाली. वरण मात्र शिजता शिजेना. आई लिंबाला टेकून बसून होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, “डाय शिजली का?” एवढंच बोलणं.

नैवेद्य घेऊन आत गेलो. उन्हाचा तो गोल तसाच जमिनीवर पडला होता. तेच गुरव आले. त्यांनी आम्हाला ओळखलं की नाही कोण जाणे, पण प्रश्न तोच विचारला. “कायचा नवस होता माय?”

माझ्या दंडावरची आईची बोटं घट्ट झाली.

“मी घरी राहावं म्हणून बोलली होती,” मी म्हटलं.

“मंग? राह्यल्या?”

“राहिले.”

“मंग काय,” ते म्हणाले, आणि घंटा वाजवून आत गेले.

आमच्या घरी नवसाची एक रीत आहे. नैवेद्यानंतर पहिला रोडगा कुस्करून, तूप घालून, ज्याच्यासाठी नवस बोलला त्याला नवस बोलणाऱ्याने आपल्या हाताने भरवायचा. त्याने तो घास खाल्ला तरच नवस फिटला. आई या रीतीलाच भ्याली होती, हे मला बार्शीटाकळीच्या ओट्यावरच कळलं होतं. मला सांगितल्याशिवाय मला भरवणार कशी? बाहेर लिंबाखाली तिने रोडगा कुस्करला, तूप चाचपून घातलं, घास केला आणि हात पुढे केला. चुकीच्या बाजूला. मी उजवीकडे बसले होते आणि हात डावीकडे, जिथे नुसती राख होती. तूप मनगटावरून ओघळत होतं. ती तशीच धरून बसली. खाल्लं नाही म्हणजे मी नाही म्हणाले, असं तिला वाटलं असावं.

ड्रायव्हरने मान दुसरीकडे वळवली. मी तिचं मनगट धरलं, माझ्याकडे वळवलं आणि घास खाल्ला.

“खारट झालंय,” मी म्हटलं.

“पानीच तसं हाय,” ती म्हणाली, आणि पदराने नाक पुसलं.

ऑपरेशन झालं. दाब वाढलाच होता, त्यामुळे पहिल्यासारखं दिसणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि उशिराबद्दल मला पुन्हा एकदा ऐकवलं. मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी समोर उभी होते. आईने मला नीट बघितल्याला तीनेक वर्षं झाली असतील. तिने आधी माझ्या केसांकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग पुन्हा केसांकडे.

“सारे पांढरे झाले व तुये,” ती म्हणाली. “इथंच.”

मी औषधाची बाटली उघडली, तिच्या डोळ्यात दोन थेंब टाकले आणि पाच मिनिटं डोळा मिटून ठेव म्हणून दटावलं. तिने मिटला नाही. थेंब गालावर ओघळून गेले आणि ती माझ्याकडे बघत राहिली.